गाव ते फाटा : सर्वांत महाग प्रवास

(जिल्हा बैठकीतील भाषण)



एकरी खर्च मांडताना आपण बियाणे धरतो, खत धरतो, निंदण-डवरणीची मजुरी धरतो. बँक, तलाठी, पीकविमा यांच्यापायी तालुक्याला घातलेल्या खेपा मात्र कोणी धरत नाही. एका कामाला तीन खेपा. दर खेपेला भाडे आणि वर बुडालेला दिवस. पऱ्हाटीच्या हिशेबात हे पान कोरेच राहते. आज तेवढे पान भरू.

सर्वांत स्वस्त वाहन रेल्वे, यात वाद नाही. धामणगावहून मुंबई सुमारे ७०० किलोमीटर. साध्या डब्याचे तिकीट किलोमीटरला ५० पैशांच्या आतच पडते. शिवाय अंतर वाढते तसा रेल्वेचा दर उतरतो, म्हणून मधे तिकीट तोडू नका, शेवटपर्यंतचे एकच घ्या. जवळच्या, म्हणजे १९९ किलोमीटरपर्यंतच्या साध्या तिकिटावर तीन तासांच्या आत किंवा त्यानंतरच्या पहिल्या गाडीने निघावे लागते. तेव्हा सकाळीच तिकीट काढून बाजार करत बसू नका. म्हाताऱ्यांची रेल्वेतली सूट मार्च २०२० मध्ये गेली, ती परत आलेली नाही. पॅसेंजरचे कमीत कमी भाडे कोरोनाच्या काळात १० चे ३० झाले होते, ते फेब्रुवारी २०२४ मध्ये पुन्हा १० वर आले. अजून कोणी ३० मागितले तर तिकिटावरचे गाडीचे नाव वाचा.

पण रेल्वे आहे कुठे? यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटरची शकुंतला इंग्रज कंपनीने आपला कापूस नेण्यासाठी बांधली. कापूस विलायतेला जायचा तेव्हा रूळ टाकायला पैसा होता. पुढे माणसेच उरली, तेव्हा गाडी रखडत रखडत बंद पडली. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गावर २८ फेब्रुवारी २०२४ ला कळंबपर्यंत गाडी सुरू झाली, त्यासाठीही एक पिढी वाट पाहत बसली.

उरली एसटी. जानेवारी २०२५ मध्ये भाडे सुमारे १५ टक्क्यांनी वाढले. साधी गाडीसुद्धा किलोमीटरला दीड रुपयाच्या वर गेली, म्हणजे रेल्वेच्या तिप्पट. भाडे सहा किलोमीटरच्या टप्प्याने लागते, हे ध्यानात ठेवा. टप्प्याच्या पलीकडे एकच थांबा गेलात तरी पुढचा अख्खा टप्पा भरावा लागतो. ७५ वर्षांवरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून फुकट, बायांना मार्च २०२३ पासून निम्मे. त्यामुळे आता घरोघर आजोबा आणि कारभारीणच तालुक्याच्या कामाला निघतात. चांगलेच झाले, बायांना बँकेचा कागद वाचता येऊ लागला. पण जी गाडी गावात येतच नाही तिचे निम्मे भाडे किती होते, हे कोणी सांगेल का? २०२१-२२ च्या संपानंतर आमच्या भागातल्या काही मुक्कामी गाड्या परत आल्याच नाहीत.

म्हणून गावापासून फाट्यापर्यंतच्या सात-आठ किलोमीटरला काळीपिवळी नाही तर ऑटो. बाजाराचा दिवस असेल तर ठीक, सीट भरतात. एरवी एकट्याला बसवायचे तर ऑटोवाला पूर्ण गाडीचे पैसे मागतो, आणि त्याचेही चुकत नाही, परत रिकामाच यायचे असते. म्हणजे मुंबईच्या तिकिटाचा मोठा हिस्सा गावच्या शिवारातच संपतो. रात्री दुखणेकरी माणूस न्यायचा असेल तर विचारूच नका.

जीपवाल्याला काही जण शिव्या देतात. आम्हाला ते पटत नाही. टप्प्याटप्प्यावर उतारू घेण्याचा हक्क एसटीचा, म्हणून तो चोरासारखा धंदा करतो. आणि चोरीच्या धंद्यात जो हप्ता जातो तो आपल्याच भाड्यातून निघतो. जास्तीची माणसे कोंबलेल्या जीपला अपघात झाला तर भरपाईसाठी कोर्टाच्या खेपा वेगळ्या. जिथे एसटी जात नाही तिथे त्याला उघड परवाना द्या, भाडे पाटीवर लिहा, विमा सक्तीचा करा.

धामणगावजवळून समृद्धी महामार्ग गेला. ७०१ किलोमीटरचा, जून २०२५ मध्ये पुरा झाला. जमीन आपली गेली. मोटारसायकल, ऑटो, ट्रॅक्टर यांना मात्र त्यावर चढायची मनाई. तुमच्या घरी जे वाहन आहे नेमके तेच चालत नाही!

पुण्या-मुंबईला पोरे कामाला आहेत. दिवाळीत खासगी गाडीवाला वाटेल ते मागतो. एसटीच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त घेता येत नाही, असा २०१८ चा सरकारी निर्णय आहे. एसटीचे भाडे विचारून घ्या, दीडने गुणा, आणि पावती मागा.

आणखी एक. मेळाव्याला विनातिकीट जाण्याची काही कार्यकर्त्यांना हौस आहे. ती सोडा. आपण मालाचा भाव मागतो, फुकटचा प्रवास नव्हे.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक कागद आणावा. गावातून फाटा किती किलोमीटर, पहिली व शेवटची एसटी किती वाजता, एकट्या माणसाला ऑटोचे किती पडतात, आणि कोणती गाडी कधीपासून बंद आहे. बंद गाडीसाठी ग्रामसभेचा ठराव सोबत हवा. कागद जमले की आगारप्रमुखाकडे एकत्रच जाऊ. एसटीनेच.