दातातला खडा आणि मनातली भीती

मुतखडा आपल्याला माहीत आहे, पित्ताशयातला खडाही आपण ऐकलेला असतो. पण दातात खडा होतो, असं कुणी सांगितलं तर? घाबरायला होतं ना? वाशीच्या दाणा मार्केटात धान्य निवडणाऱ्या एका ताईंचं असंच झालं.

त्यांची खालची दाढ रात्री ठणकायची. लवंग धरून त्या वेळ मारून न्यायच्या. एकदा एक्स-रे काढला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "दाढेत कीड खोल गेली आहे, आणि आत खडाही दिसतोय." ताईंनी 'खडा' तेवढा ऐकला. कॅल्शियम जास्त झालं म्हणूनच हे झालं, असं शेजारणीने सांगितलं. मग ताईंनी दूध सोडलं, नाचणीची भाकरी सोडली, आणि हाडांसाठी दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्याही बंद केल्या. दवाखान्याकडे मात्र फिरकल्या नाहीत. आठ महिन्यांनी गाल सुजला, तेव्हा माझ्यासमोर येऊन बसल्या.

आता हा खडा म्हणजे काय ते बघू. दाताचं वरचं कवच शरीरातल्या कुठल्याही हाडापेक्षा टणक असतं. त्याच्या आत दंतिन नावाचा थर असतो आणि अगदी मधोमध मऊ गाभा. ज्याला आपण दाताची नस म्हणतो तो हाच. त्यात नसा आणि रक्तवाहिन्या असतात. या गाभ्यात कधी कधी चुन्यासारखे कण साठून घट्ट होतात. त्यांना पल्प स्टोन म्हणतात. दाढांमध्ये ते जास्त सापडतात. वय वाढलं, कीड खोल गेली, दात झिजले, दाताला मार लागला किंवा मोठं फिलिंग झालं, तर गाभ्याला त्रास होतो आणि असे खडे होण्याची शक्यता वाढते. कधी कधी धडधाकट दातातही ते असतात. तुमच्या ताटातल्या दुधाचा किंवा नाचणीचा यात दोष नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. नुसता खडा सहसा दुखत नाही, आणि दुखत नसेल तर त्याला उपचारही लागत नाही. ताईंची दाढ खड्याने नाही, किडीने दुखत होती. खड्याची अडचण येते ती रूट कॅनाल करताना. मुळाच्या बारीक नळीच्या तोंडावर तो बूच बसल्यासारखा बसतो. मग भिंगातून बघत, कंप पावणाऱ्या बारीक हत्याराने तो सावकाश मोकळा करावा लागतो. वेळ जास्त लागतो, पण बहुतेक वेळा काम होतं. म्हणून आधी एक्स-रे काढायचा.

मूत्रपिंडातले खडे किंवा हृदयविकार यांच्याशी दातातल्या खड्यांचा संबंध आहे का, यावर अभ्यास झाले आहेत, पण ठाम उत्तर मिळालेलं नाही. तेव्हा दातात खडा दिसला म्हणून काळजी करत बसू नका.

ताईंची ती दाढ वाचली. शेजारची मात्र काढावी लागली, कारण तेवढ्या महिन्यांत कीड तिथेही पोहोचली होती. "तेव्हाच नीट विचारलं असतं तर?" असं त्या म्हणाल्या. गोळ्या त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून परत सुरू केल्या.

म्हणून मैत्रिणींनो, रात्री दात ठणकला किंवा गरम-थंड लागून कळ बराच वेळ राहिली तर थांबू नका. मिशरी लावत असाल तर ती सोडा. तो तंबाखूच आहे. दोन वेळा ब्रश करा. खर्चाची धास्ती असेल तर नेरूळ, खारघर, कामोठे इथल्या दंत महाविद्यालयांच्या रुग्णालयांत चौकशी करा. आणि डॉक्टरांचा एखादा शब्द कळला नाही, तर खुर्चीवरून उठण्याआधी विचारा, "म्हणजे नक्की काय?" असं विचारण्यात लाज कसली?

काळजी घ्या. नमस्कार!