शून्य-शून्यची कमाई

हेडफोन लावलात ना? आज एफसी गोवाच्या 2021 सालाबद्दल.

मी तेव्हा मालवणात, वर्क फ्रॉम होम. 8 मार्चला आयएसएलच्या सेमीफायनलला मुंबई सिटीने पेनल्टीवर 6-5 असं हरवलं. वाटलं, संपलं वर्ष. पण 2019-20 ला लीगमध्ये पहिले आल्याने एएफसी चॅम्पियन्स लीगचं तिकीट हातात होतं. तिथल्या ग्रुप स्टेजला खेळणारा हा पहिलाच भारतीय क्लब! सामने फातोर्ड्याला, आमच्यापासून गाडीने तीन-चार तास. पण कोविडमुळे स्टेडियम रिकामं आणि आम्ही मोबाईलवर.

14 एप्रिल. समोर कतारचा अल-रय्यान. कोच लॉराँ ब्लां, 1998 च्या वर्ल्ड कप विजेत्या संघातला. स्कोअर 0-0. आजोबांनी विचारलं, "कोण जिंकलो रे?" म्हटलं, "कोणच नाय. पण आपण हरूक नाय!"

अल-वाहदाशीही 0-0. इराणच्या पर्सेपोलिसविरुद्ध एदू बेदियाने आधी गोल मारला, तरी 1-2 हरलो, मग 0-4. अल-रय्यानशी पुन्हा 1-1, तेही 89व्या मिनिटाला गोल खाऊन. शेवटी अल-वाहदाकडून 0-2.

सहा सामने, विजय शून्य, गुण 3. ऑक्टोबरमध्ये ड्युरंड कप जिंकला, बेदियाच्याच गोलवर. पण मला विचाराल, तर त्या वर्षाची खरी कमाई हे तीन गुण. कप देशातला, हे गुण आशियाच्या हिशेबातले.

आजोबा आता मॅच संपली की एवढंच विचारतात, "हरूक नाय ना?"