स्तन राखून होणारी शस्त्रक्रिया आणि त्यानंतरचे किरणोपचार

स्तनाच्या कर्करोगाचे निदान गाठ लहान असतानाच झाले, तर बहुतेक रुग्णांमध्ये संपूर्ण स्तन काढण्याची गरज नसते. गाठ आणि तिच्याभोवतीचा थोडा निरोगी भाग काढून, काखेतील ग्रंथी तपासून, स्तन राखता येतो. काढलेल्या तुकड्याच्या बाहेरच्या पृष्ठभागाला शाई लावून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, आणि कर्करोगाच्या पेशी शाईपर्यंत पोहोचलेल्या दिसल्या, तर आणखी भाग काढावा लागतो.

मिलानमध्ये उंबेर्तो व्हेरोनेझी यांनी 1973 पासून 701 स्त्रियांचा, तर अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी 1976 पासून असाच अभ्यास केला. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 20 वर्षांच्या निष्कर्षांत, स्तन काढलेल्या आणि राखलेल्या स्त्रियांच्या आयुर्मानात फरक आढळला नाही. मात्र फिशर यांच्या अभ्यासात, केवळ गाठ काढलेल्या स्त्रियांपैकी सुमारे 39 टक्के जणींच्या त्याच स्तनात रोग पुन्हा उद्भवला, आणि किरणोपचार, म्हणजे उरलेल्या सूक्ष्म पेशी नष्ट करणारे रेडिएशन, घेतलेल्यांत हे प्रमाण सुमारे 14 टक्के राहिले. म्हणून बहुतेकींच्या बाबतीत शस्त्रक्रिया हा अर्धाच उपचार ठरतो.

यवतमाळ जिल्ह्यात खरी अडचण या उरलेल्या अर्ध्याची आहे. झरी-जामणी किंवा उमरखेडच्या स्त्रीला सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय वा नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय गाठायचे, तर रोजची ये-जा अशक्यप्राय असते; कापूस वेचणीचे दिवस असले, तर मजुरीही बुडते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून पात्र कुटुंबांच्या उपचारांचा खर्च भागतो, पण बुडालेला रोज भरून निघत नाही. अशा घरांसाठी, पूर्वी पाच आठवडे चालणारे किरणोपचार आता अनेकींना तीन आठवड्यांत, 15 वेळांत देता येतात, ही गोष्ट एखाद्या नव्या औषधाइतकी मोलाची आहे. ब्रिटनमध्ये 2020 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर एका आठवड्यातील पाच मात्राही तितक्याच परिणामकारक ठरल्या.

एकाहून अधिक ठिकाणी पसरलेल्या गाठी, स्तनाच्या मानाने फार मोठी गाठ किंवा गर्भावस्था असेल, तर स्तन काढणे योग्य ठरू शकते. परंतु गाव दूर आहे एवढ्याच कारणाने स्त्रीला दुसरा पर्याय सांगितलाच जात नसेल, तर तो तिच्यावर अन्याय आहे. किरणोपचारांच्या काळात ती कुठे राहील आणि सोबत कोण असेल, याची विचारपूस शस्त्रक्रियेपूर्वीच व्हायला हवी.