बुकिंग नाही, पण भूक आहे! ताडोबात ऐनवेळी जेवायचं कसं?

आजचा एपिसोड वाघाचा नाही, पोटाचा आहे.

ताडोबाचं नाव काढलं की सगळे एकच विचारतात, कोणत्या गेटनं वाघ दिसतो? पण जाऊन आलेली माणसं हळूच वेगळंच सांगतात. "वाघ दिसला रे, पण दुपारी दोन वाजेपर्यंत पोटात काही नव्हतं."

तर आजचा प्रश्न असा. तुम्ही रिसॉर्ट बुक केलेलं नाही. मुक्काम चंद्रपुरात आहे, किंवा नागपूरहून पहाटेच गाडी काढली आहे. सफारी संपली, कावळे ओरडायला लागले. समोर छान रिसॉर्टची पाटी दिसते. आत शिरून जेवता येतं का?

छोटं उत्तर: कधी येतं, बऱ्याचदा नाही येत. मोठं उत्तर जरा ऐकून घ्या, कारण ते फक्त आपल्या जेवणाचं नाही.

आधी नकाशा डोक्यात बसवू. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं आणि १९९५ मध्ये ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प. यातला गाभा, म्हणजे कोअर, सव्वासहाशे चौरस किलोमीटरच्या आसपास आणि त्याभोवतीचा बफर अकराशेच्या आसपास. कोअरमध्ये हॉटेल-बिटेल काही नाही आणि नसावंच. रिसॉर्ट, होमस्टे, चहाच्या टपऱ्या, खानावळी हे सगळं गेटांबाहेरच्या गावांमध्ये आहे. चंद्रपूरकडून आलात तर मोहर्ली, साधारण तीस किलोमीटर. नागपूरकडून चिमूरमार्गे आलात तर कोलारा किंवा नवेगाव. मोहर्लीला एमटीडीसीचं रिसॉर्ट आहे, इरई धरणाच्या पाण्याकाठी. बाकी खासगी रिसॉर्ट भरपूर.

आता रिसॉर्टचं किचन कसं चालतं ते बघा. हे कळलं की अर्धं काम झालं.

शहरातलं हॉटेल दिवसभर उघडं असतं, कारण गिऱ्हाईक दिवसभर येतं. जंगलातल्या रिसॉर्टचं घड्याळ सफारी ठरवते. सकाळची सफारी उजाडताना सुटते, दहाच्या आसपास लोक परत येतात. मग नाश्ता. दुपारच्या सफारीआधी घाईघाईत जेवण. मग सगळं सामसूम. अंधार पडल्यावर पुन्हा वर्दळ, आठनंतर रात्रीचं जेवण. बहुतेक ठिकाणी खोलीच्या भाड्यातच तिन्ही वेळचं जेवण धरलेलं असतं. म्हणजे आचाऱ्याला आदल्या रात्रीच माहीत असतं की उद्या दुपारी अमुक ताटं आहेत. भाजी, दूध, चिकन तेवढंच येतं. बाजार काही हाकेच्या अंतरावर नसतो.

अशात तुम्ही सहा जण तीन वाजता दारात उभे राहिलात, तर मॅनेजर 'नाही' म्हणतो तो माजामुळे नाही. त्याच्याकडे खरंच सहा ताटं नसतात. आचारी झोपलेला असतो, पहाटे चारला उठलेला असतो बिचारा.

जगभरात मोठ्या पर्यटनस्थळांचं असंच होतं. फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डमध्ये टेबलावर बसून जेवायचं तर लोक ६० दिवस आधी बुकिंग करतात. पण तिथं ऐनवेळी येणाऱ्यांसाठीही एक दार आहे. अ‍ॅपवर वेटिंगला नाव टाकायचं, टेबल मोकळं झालं की मेसेज येतो. कारण तिथं तुटवडा टेबलाचा आहे, अन्नाचा नाही. आपल्याकडे उलटं. ताडोबात टेबलं रिकामी असतात हो, चूल विझलेली असते. म्हणून इथं टेबल बुक करून उपयोग नाही, चूल सांगून ठेवावी लागते.

हे एक वाक्य लक्षात ठेवा: टेबल नको, चूल सांगा.

म्हणजे काय करायचं? तीन गोष्टी.

पहिली: निरोप सफारीच्या आधी द्या, नंतर नाही. ताडोबात सफारीवर असताना मोबाइल वापरायला बंदी आहे. म्हणजे चार तास तुम्ही कुणाला फोन करू शकत नाही. बाहेर येऊन फोन लावाल तेव्हा उशीर झालेला असतो. आणि मोहर्लीच्या रस्त्यावर डिलिव्हरी बॉय येईल ही आशा सोडा. त्यामुळे पहाटे गेटवर चहा पिताना, फोन आत ठेवायच्या आधी, एक कॉल. "दादा, साडेदहाला आम्ही पाच जण आहोत, जेवायला काय होईल?" बस. हे बुकिंग नाही, निरोप आहे. चार तासांचा अवधी चुलीला पुरतो.

दुसरी: प्रश्न नीट विचारा. "मेन्यू काय आहे?" असं विचारलंत की समोरचा गोंधळतो. "आज काय करताय?" असं विचारा. घरात जे शिजणार आहे त्यातच तुमची चार मुठी जास्त टाकली जाते. वरण-भात-भाजी-पोळी पाऊण तासात होते. गावरान कोंबडा हवा असेल तर मात्र आदल्या दिवशी सांगा. तो आधी पकडावा लागतो ना!

तिसरी: वार बघा. मंगळवारी कोअरची सफारी बंद असते, त्यामुळे गेटवरची गर्दी ओसरते. शनिवार-रविवार आणि दिवाळी-नाताळच्या सुट्टीत मात्र रिसॉर्टात ऐनवेळी जागा मिळण्याची आशाच धरू नका. पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, कोअर बंद असतं, बफर चालू राहतो. तेव्हा काय उघडं आहे, काय नाही, हे फोन केल्याशिवाय कळत नाही.

आता रिसॉर्टची पाटी सोडून जरा पुढं जाऊ. गावात.

गेटजवळच्या गावांत घरगुती जेवण देणारे, होमस्टे चालवणारे लोक आहेत. दारात जाऊन विचारलंत तर उत्तर साधारण असं येतं, "होऊन जाते जी, घंटाभर थांबा लागते." हा 'जी' ऐकला की समजा, झाडीपट्टीत आलात. चंद्रपूर, गडचिरोलीचा हा भातपट्टा. तो घंटाभर थांबायची तयारी ठेवा. तुमच्यासाठी नव्यानं शिजतंय, फ्रीजमधून काढून गरम होत नाहीये.

ताटात काय येतं? भात तर येणारच, आणि त्या भाताची पण गोष्ट आहे. एचएमटी तांदूळ तुम्ही किराणा दुकानात पाहिला असेल. तो याच जिल्ह्यातला. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे, जेमतेम दीड एकराचा शेतकरी. १९८३ मध्ये धानाच्या शेतात त्यांना काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या निवडून, जपून, वर्षानुवर्षं लावून त्यांनी ही जात तयार केली. नाव पडलं त्या काळातल्या लोकप्रिय घड्याळावरून. २०१८ मध्ये दादाजी गेले. देशभर विकला गेलेला तांदूळ, पण त्यांच्या वाट्याला आयुष्यभर गरिबीच आली. तर मोहर्लीच्या ताटातला भात चिवडू नका, एवढंच.

भाताबरोबर वरण, वांग्याची भाजी, हंगामात आंबाडीची भाजी, झुणका, नशीब असेल तर पाटवडी रस्सा. जुन्या मालगुजारी तलावांतले मासेही मिळतात. पावसाळ्यात सात्या म्हणजे रानातली अळिंबी आणि वास्ते म्हणजे बांबूचे कोंब. हे स्थानिक माणसानं आणलेलं, शिजवलेलंच खा. स्वतः रानात तोडायला जाऊ नका. आणि हो, कुणी विचारलं "सांबार टाकू का?" तर दचकू नका. सांबार म्हणजे इथं कोथिंबीर. इडलीबरोबरचं नाही आणि जंगलातलं सांबर तर नाहीच नाही!

आता कुणी म्हणेल, गावात तर पाहुण्याला न सांगता येऊ द्यायची रीत आहे, मग निरोप कशाला? बरोबर. झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. दंडार होते, रात्रभर नाटक चालतं, घराघरात पाहुणे उतरतात, आणि कोण किती येणार हे कुणी मोजत नाही. पण मंडईचा दिवस सगळ्या पंचक्रोशीला माहीत असतो. घरची बाई आधीच तांदूळ निवडून बसलेली असते. म्हणजे तिथंही चुलीला निरोप गेलेला असतोच, फक्त तो फोनवरून गेलेला नसतो. पाहुणचार आयत्या वेळी होतो असं आपल्याला वाटतं. त्यामागची तयारी आपल्याला दिसत नाही.

आणि इथं मी थोडा गंभीर होतो.

आपण वाघ बघायला जातो. गावातली माणसं वाघासोबत राहतात. चंद्रपूर जिल्ह्यात मोहफुलं वेचायला, तेंदूपत्ता तोडायला, गुरं चारायला जंगलात गेलेली माणसं दरवर्षी वाघाच्या हल्ल्यात जातात. २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता गोळा करायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी गेल्या. आपण जिप्सीत बसून ज्याच्यासाठी "दिसला, दिसला" म्हणून टाळ्या वाजवतो, त्याची किंमत कोण मोजतं, हे एकदा मनाशी म्हणून बघा.

वाघ टिकायचा असेल तर वाघामुळे गावाला काही मिळालं पाहिजे. सफारीच्या तिकिटाचे, जिप्सीचे, गाईडचे पैसे काही प्रमाणात पोचतात. रिसॉर्टच्या पॅकेजचे पैसे बरेचदा शहरात परत जातात. पण गावातल्या ताटाचे पैसे थेट त्या घरात जातात. म्हणून बुकिंग नसणं ही अडचण नाही, खरं तर संधी आहे. पॅकेजवाला कुंपणाच्या आत जेवतो. तुम्हाला गावात जेवायची मोकळीक आहे.

फक्त त्याची एक जबाबदारी आहे. निरोप दिलात तर जा. सहा जणांचं सांगितलं, रस्त्यात दुसरा ढाबा दिसला, तिथंच बसलात, फोन उचलला नाही, असं करू नका. मोठ्या रिसॉर्टात सहा ताटं वाया गेली तर हिशेबाच्या वहीत एक ओळ वाढते. गावातल्या मावशीनं मात्र उधारीवर तेल आणलेलं असतं, लाकडं जाळलेली असतात, त्या दिवशीचा रोज पाडलेला असतो. म्हणून सांगतानाच थोडे पैसे यूपीआयनं पाठवून द्या. तिलाही धीर येतो आणि तुमचाही विचार बदलत नाही. भाव आधीच विचारा, नंतर घासाघीस नको.

आता गडचिरोलीबद्दल, कारण बरेच जण ताडोबा करून पुढं हेमलकसा, भामरागडकडे जातात. तिकडचा हिशेब वेगळा. अंतरं लांब, वस्ती विरळ, मधेच नेटवर्क जातं. ताडोबाची 'सकाळी फोन' ही युक्ती तिथं नेहमी चालेल असं नाही. तिथं मोठं गाव लागलं की जेवून घ्यायचं, भूक लागायची वाट बघायची नाही. आलापल्लीसारख्या ठिकाणी पोट भरा, मग पुढं निघा. वाटेत आठवडी बाजार लागला तर उत्तम. बाजाराच्या दिवशी भजी, आलुबोंडा, चहा हमखास असतो. बाकीच्या दिवशी त्याच चौकात चिटपाखरू नसतं. आणखी एक, गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. लोकांनी, विशेषतः बायांनी लढून मिळवलेली. तेव्हा जेवणासोबत भलती फर्माईश करू नका.

शेवटी रात्रीचं. दुपारची सफारी संपेपर्यंत अंधारायला लागतं. तेव्हा जेवण शोधत बफरमधल्या रस्त्यांवर भटकायचं नाही. मुक्कामाला परत जा, चंद्रपुरात जेवा. गाडी थांबवून रस्त्याच्या कडेला डबा उघडणं तर अजिबात नाही, दिवसाही नाही. उरलेलं अन्न, प्लास्टिक गाडीतच ठेवा. माकडांना बिस्किटं टाकू नका. माणसाकडून खायची सवय लागली की जनावरही रस्त्यावर येतं आणि गाडीखाली सापडतं.

पहाटे निघताना चंद्रपुरात एखादी गाडी उघडी दिसली तर तर्रीपोहे खाऊन घ्या. ते दहापर्यंत पोटाला आधार देतात. आणि गेटवर पोचलात, फोन आत ठेवायची वेळ आली की आधी तो एक कॉल. किती जण, किती वाजता, आज काय करताय. एवढंच!

तुमच्या ग्रुपमध्ये ताडोबाचा प्लॅन शिजत असेल तर हा एपिसोड तिथं टाका. प्लॅन शिजेल तेव्हा शिजेल, जेवण वेळेवर शिजलं पाहिजे. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, जेवून निघा.