माळ लांबली म्हणजे कावीळ उतरली का?

बुटीबोरीच्या बचत गटांची समन्वयक म्हणून तुम्ही मला ओळखताच. दरवेळी मी हप्ता आणि कर्जाबद्दल बोलते. आज मात्र रक्ताच्या एका रिपोर्टाबद्दल बोलणार आहे, कारण तो आमच्या घरात लागला होता.

मागच्या पावसाळ्यात माझ्या जावेला सातवा महिना होता. चार दिवस उलट्या, अन्नावर वासना नाही. मग लघवी गडद झाली आणि डोळे पिवळे पडले. सासूबाई म्हणाल्या, "इले माळ घाला. माळ लांबली का कावीळ उतरते." मी बी.ए. झालेली, पण गप्प बसले. दोन दिवस आम्ही माळच मोजत राहिलो.

त्या माळेचं गुपित सांगते. ओल्या काड्या दोऱ्यात घट्ट गाठी मारून बांधतात. काड्या वाळून आकसल्या की गाठी सैल होतात आणि माळ लांबते. खुंटीला टांगली तरी लांबते. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बऱ्याच जणांची आराम करून आपोआप बरी होते, आणि नाव माळेचं होतं. पण गरोदर बाईचं तसं नाही. हेपॅटायटिस ई नावाची कावीळ शेवटच्या तीन महिन्यांत झाली, तर शंभरातल्या २० ते २५ बाया दगावू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्यामुळे याच काविळीची मोठी साथ आली होती.

तिसऱ्या दिवशी आशाताई घरी आल्या. डोळे पाहून म्हणाल्या, "माळ राहू द्या, आधी रक्त द्या." आरोग्य केंद्रात रक्त घेतलं, रिपोर्ट आला आणि तिथून नागपूरच्या मेडिकलला पाठवलं.

त्या रिपोर्टात काय असतं? पहिलं बिलिरुबिन. हाच तो पिवळा रंग. साधारण १ च्या आसपास असतो, जावेचा ९ होता. आपल्या विदर्भात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत. त्यांच्या रक्तपेशी लवकर फुटतात, म्हणून यकृत चांगलं असतानाही डोळे पिवळे दिसू शकतात. म्हणून बिलिरुबिनचे डायरेक्ट आणि इनडायरेक्ट असे दोन भाग करून पाहतात.

दुसरं, एसजीओटी आणि एसजीपीटी. हे यकृताच्या पेशींच्या आत असतात. पेशी फुटल्या की रक्तात सांडतात. साधारण ४० पर्यंत ठीक धरतात, जावेचा एसजीपीटी हजाराच्या वर होता.

मेडिकलमध्ये चौथ्या दिवशी तो आकडा निम्म्यावर आला. आम्ही खुश झालो, पण डॉक्टर खुश दिसले नाहीत. त्यांनी आधी विचारलं, "आयएनआर किती आला?"

मला तेव्हा कळलं नाही, आता सांगते. धान्याचं पोतं फाटलं की दाणे सांडतात. सांडणं कमी झालं, तर दोन गोष्टी असू शकतात. एक, फाटलेलं शिवलं गेलं. दुसरी, पोतंच रिकामं झालं. एसजीपीटी फक्त सांडलेलं दाखवतो. पोत्यात किती उरलं, ते त्यातून कळत नाही. त्यासाठी यकृताचं काम तपासावं लागतं. रक्त गोठवणारे पदार्थ यकृत बनवतं. ते कमी पडले की रक्त गोठायला वेळ लागतो आणि आयएनआर वाढतो. तो १ च्या जवळ असावा. एसजीपीटी उतरतो आणि आयएनआर चढतो, तेव्हा धोका असतो. बाळंतपणात रक्त थांबलं नाही तर काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. अल्ब्युमिन नावाचं प्रथिनही यकृतच बनवतं. जुन्या आजारात ते कमी होतं.

जावेचा आयएनआरही उतरला होता, तेव्हा कुठे डॉक्टर हसले. दोन महिन्यांनी बाळंतपण नीट झालं. दोघंही बरी आहेत.

म्हणून मैत्रिणींनो, लक्षात ठेवा. डोळे पिवळे झाले तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा. पोटुशी बाई असेल तर एक रात्रही थांबू नका. सरकारी दवाखान्यात गरोदर बाईच्या तपासण्या मोफत असतात. नेण्यासाठी १०२ किंवा १०८ ला फोन करा. कावीळ असताना जडीबुटी किंवा तापाची गोळी मनाने देऊ नका, त्यानेही यकृताला इजा होते. पावसाळ्यात पाणी उकळून प्या.

आणि एक. रिपोर्ट नॉर्मल आला, तरी हेपॅटायटिस बी अंगात लपलेला असू शकतो. त्याची तपासणी वेगळी असते. गरोदरपणात ती करून घ्या आणि बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत त्याची लस टोचून घ्या.

सासूबाई आता शेजारणींना सांगतात, "माळ घालाची तर घाला बाई, पण आधी रक्त द्या." तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की एवढं एक वाक्य नक्की सांगा.