भाव म्हणजे उशिरा आलेला निरोप

(दहावीच्या 1998 च्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला पाच मिनिटं दिली आहेत. मी सात घेणार आहे. शाळेत असताना वर्गासमोर उभं राहून मला एक वाक्य धड बोलता आलं नव्हतं, ती उधारी आज वसूल करते. भूगोल-अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी विचारलं होतं, "वस्तूची किंमत कोण ठरवतं?" पुस्तकातलं उत्तर होतं मागणी आणि पुरवठा. मी म्हणाले, "आडत्या." सगळा वर्ग हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, "घरी कांदा आहे वाटतं."

घरी कांदा होता. त्या प्रश्नाचं उत्तर मी तेव्हापासून शोधते आहे. जे सापडलं ते थोडक्यात सांगते.

सुरुवात आपल्या मंदिरासमोरून करते. मयूरेश्वराच्या वाटेवर हार, दूर्वा, नारळ, पेढ्याची दुकानं आहेत. आपल्यातल्या काहींचं बालपण तिथंच गेलं. सगळ्यांचा नारळ जवळपास एकाच भावाला. कुणी संगनमत केलेलं नसतं. एकाने दोन रुपये उतरवले, की गिऱ्हाईकच पुढच्या दुकानात जाऊन सांगतं, "तिकडं कमी आहे." बातमी दहा पावलं चालते आणि भाव सारखा होतो. मग स्पर्धा उरते ती "चपला इथं ठेवा, पैसे नाहीत" या हाकेची. ज्याने चपला सांभाळल्या त्याच्याकडून हार न घेता पुढं जाणं अवघड जातं. हे मार्केटिंग आपल्या दुकानदारांना कुणी शिकवलं नव्हतं.

भाद्रपदात चिंचवडहून मोरया गोसावींची पालखी येते, तेव्हा हाराचा भाव चढतो. पण संध्याकाळी हार उरले, की तोच दुकानदार निम्म्या भावात देतो, कारण उद्या त्या फुलांना कुणी विचारणार नाही. नारळवाला मात्र शांत बसलेला असतो. त्याचा माल उद्याही विकतो.

बाजार समजायला मला या दोन गोष्टी पुरल्या. बातमी कुणाला कधी कळते, आणि थांबण्याची ताकद कुणाकडे आहे.

आता कांदा. 1998 च्या उन्हाळ्यात आमच्या तात्यांनी गरवा कांदा काढला आणि लगेच विकला. चाळ नव्हती, सोसायटीचं कर्ज होतं. त्याच वर्षी दिवाळीच्या सुमारास दिल्लीत कांदा 40 रुपये किलोच्या वर गेला, तिथल्या विधानसभेच्या निवडणुकीत तोच मुद्दा झाला. आमच्या घरात तो विषय निघाला की तात्या उठून बाहेर जायचे. त्या हिवाळ्यात त्यांनी विहिरीच्या सगळ्या पाण्यावर कांदाच लावला. शेजाऱ्यांनी लावला, पलीकडच्या गावांनी लावला. पुढच्या उन्हाळ्यात सगळ्यांचा कांदा एकदम बाजारात आला. आडत, हमाली, तोलाई आणि गाडीभाडं जाऊन पट्टीवर जी रक्कम उरली, तिच्यात बियाण्याचेही पैसे निघाले नाहीत. तात्यांनी ती पट्टी देवाच्या फोटोमागे ठेवली. म्हणाले, "माझं गणित चुकलं."

2000 साली मला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. फी आईच्या पाटल्यांवर भरली गेली. हे मी आज पहिल्यांदा चारचौघांत सांगते आहे.

हॉस्टेलवर अंघोळीच्या नळाला गरम पाणी पोचायला वेळ लागायचा. नळ सोडला की गार, म्हणून अजून सोडायचा, मग एकदम चटका, म्हणून घाईने बंद करायचा, की पुन्हा गार. पुढं कंट्रोल सिस्टिम्सच्या तासाला बाईंनी हेच फळ्यावर मांडलं. कृतीचा परिणाम उशिरा कळत असेल आणि आपण तरीही जोरात प्रतिसाद देत राहिलो, तर यंत्रणा स्थिर होत नाही, हेलकावत राहते. मला समोर कांद्याचं वाफं दिसलं. रोप टाकण्यापासून माल बाजारात जाईपर्यंत पाच-सहा महिने. आज दिसणारा भाव हा सहा महिन्यांपूर्वीच्या लागवडीचा निरोप असतो, आणि आपण तो उद्याचा म्हणून वाचतो. अर्थशास्त्रात याला कोळिष्टक म्हणतात. आलेख काढला की रेषा कोळ्याच्या जाळ्यासारखी फिरते, म्हणून निकोलस काल्डोर यांनी 1934 साली हे नाव रूढ केलं.

सुट्टीत घरी आल्यावर मी तात्यांना सांगितलं, "तुमचं गणित चुकलं नव्हतं. सगळ्यांनी तेच गणित एकाच वेळी केलं." ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे सगळ्यांचंच चुकलं म्हण की." पण त्या दिवशी पट्टी फोटोमागून निघाली.

बातमी लवकर पोचली तर काय होतं, याचंही एक उदाहरण आहे. 14 जानेवारी 1997 ला केरळातल्या बडगरा इथं 11 मच्छीमार गिऱ्हाईक नाही म्हणून मासळी टाकून देत होते. त्याच वेळी 15 किलोमीटरच्या आत, दुसऱ्या बंदरांवर 27 खरेदीदार माल मिळेना म्हणून रिकाम्या हाताने उभे होते. पुढच्या चार वर्षांत किनाऱ्यावर मोबाईल आला. मच्छीमार होडीतूनच फोन करून बंदर निवडायला लागले. रॉबर्ट जेन्सन यांनी 2007 साली हा अभ्यास प्रसिद्ध केला. बंदराबंदरांतला भावातला फरक कमी झाला, मासळी वाया जाणं जवळपास थांबलं, मच्छीमारांचा नफा वाढला आणि गिऱ्हाइकालाही स्वस्त पडलं.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे तुम्हाला वाटेल की ही आता मोबाईलची जाहिरात करणार. तसं नाही. आज प्रत्येकाच्या फोनवर रोजचे बाजारभाव येतात. 2016 पासून राज्यात फळं-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची, असाही निर्णय झाला. तरी हेलकावे थांबलेले नाहीत. फोनमुळे आजचा भाव लवकर कळतो, पण लागवडीच्या वेळी कामाचा असतो तो सहा महिन्यांनंतरचा. शिवाय बातमी कळली तरी थांबता आलं पाहिजे. ज्याच्याकडे चाळ आहे, तो नारळवाला. ज्याच्याकडे नाही, तो हारवाला. सोयाबीन, तूर, ज्वारीसाठी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आहे. माल गोदामात ठेवून त्याच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, भाव येईपर्यंत थांबता येतं. आपल्यातल्या किती जणांनी ती वापरली, हात वर करा. पाहिलंत ना?

आणि काही गोष्टी आपल्या हातात नसतात. डिसेंबर 2023 मध्ये एका रात्रीत कांद्याची निर्यात बंद झाली. कुठलंही गणित त्यापुढं टिकत नाही.

म्हणून माझी विनंती लहान आहे. आपल्या बॅचचा ग्रुप आहे. त्यावर सकाळी सुविचार येतात, कुणी रोजचा भावही टाकतं. त्यासोबत एक गोष्ट टाकू या. कुणी, कुठं, किती लावलं आणि कधी निघणार. मी एक साधा तक्ता केला आहे. आपण वीस-बावीस जण भाव ठरवू शकत नाही, हे मला माहीत आहे. पण शेजारच्या पाच गावांत सगळेच कांदा लावत आहेत हे रोप टाकायच्या आधी कळलं, तर एखादा जण अर्ध्या रानात हरभरा टाकेल. एका घरातल्या पाटल्या वाचल्या तरी मला पुष्कळ.

सर, "आडत्या" हे उत्तर अपुरं होतं, हे मान्य करते. पण तुम्ही हसला नाहीत म्हणून मी पुढं शोधत राहिले.

चहाच्या टेबलाजवळ वही ठेवली आहे, फोन नसला तरी चालेल. पहिली ओळ मी भरली आहे. तात्या 75 वर्षांचे आहेत आणि ऐकत नाहीत. गरवा कांदा, अर्धा एकर.