तह, पहारा आणि रसद : क्षयरोग व आपली प्रतिकारशक्ती



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी शास्त्र हा विषय शिकलो, त्याच शाळेच्या व्यासपीठावरून सरांच्या स्मृतिप्रीत्यर्थ बोलण्याचा योग आला, हे मी माझे भाग्य समजतो. माझी चाळीस वर्षे छातीच्या विकारांवर उपचार करण्यात गेली, म्हणून मी हा विषय निवडला असे आपणांस वाटेल. खरे कारण निराळे आहे.

1965 साली मी आठवीत होतो. सर वर्षभर शाळेत आले नाहीत. ते गावी गेले आहेत, असे आम्हां मुलांना सांगण्यात आले. प्रत्यक्षात ते मिरजेच्या सॅनिटोरियममध्ये होते. ते परतले तेव्हा शिक्षकांच्या खोलीत त्यांचा चहाचा कप निराळा ठेवला जाऊ लागला. त्यांनी तपासलेली माझी वही आईच्या सांगण्यावरून मी अंगणात उन्हात ठेवीत असे. बेळगावच्या पावसात तर ऊन पडण्याची वाट पाहत असे. हे सरांच्या कानावर गेले. ते रागावले नाहीत. म्हणाले, "ऊन जंतूंना मारते हे तुला ठाऊक आहे, हे चांगलेच. पण माझ्या अंगातले जंतू आता माझ्या ताब्यात आहेत, एवढे घरी सांग." मी ते घरी सांगितले नाही.

जंतू ताब्यात असणे म्हणजे काय, हे मला वैद्यकाच्या अभ्यासात पुढे उमगले.

24 मार्च 1882 रोजी बर्लिन येथे रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी इटलीतील मेसिना येथे मेचनिकॉफ यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीला काटे टोचले आणि काट्याभोवती भटक्या पेशी गोळा होताना पाहिल्या. एकाच वर्षी शत्रूही दिसला आणि पहारेकरीही दिसला.

रुग्णाच्या खोकल्यातून उडालेले सूक्ष्म तुषार आपल्या श्वासावाटे फुप्फुसाच्या वायुकोशांत पोहोचतात. तेथील भक्षक पेशी जंतूला गिळतात. एरवी गिळलेला जंतू पेशीच्या पोटात आम्ल आणि पाचक रसांनी नष्ट होतो. क्षयाचा जंतू ही पुढची क्रियाच अडवतो आणि ज्याने त्याला पकडले त्याच्याच घरात बिऱ्हाड थाटतो. त्याला घाई नसते. आतड्यातला साधा जंतू अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. याला सुमारे वीस तास लागतात.

काही आठवड्यांनी शरीराची दुसरी फळी, म्हणजे टी-पेशी, तेथे येऊन पोहोचते. त्या इंटरफेरॉन-गॅमा नावाचे द्रव्य सोडून भक्षक पेशींना चेतवतात. मग जंतूंभोवती पेशींचे कडे उभे राहते आणि एक गाठ तयार होते. किल्ला घेता आला नाही तरी वेढा पक्का बसतो. बहुसंख्य माणसांत जंतू आत आणि शिबंदी बाहेर, असा हा तह जन्मभर टिकतो. यालाच सुप्त संसर्ग म्हणतात. जगातील सुमारे एक-चतुर्थांश लोकांना असा संसर्ग होऊन गेला असावा, असा अंदाज आहे. त्यांपैकी शेकडा 5 ते 10 जणच आयुष्यात कधीतरी आजारी पडतात. सुप्त संसर्ग असलेला माणूस रोग पसरवत नाही.

तह मोडतो तो मुख्यतः पहारा ढिला पडला की. एचआयव्ही नेमक्या त्या टी-पेशी मारतो. मधुमेह, धूम्रपान, दारू आणि वार्धक्य पहारेकऱ्यांना दुबळे करतात. संधिवातासाठी टीएनएफ नावाच्या द्रव्याला रोखणारी औषधे आली, तेव्हा ती घेणाऱ्या काही रुग्णांत क्षय उफाळल्याचे 2001 साली प्रसिद्ध झाले. ते द्रव्य वेढा सांभाळत होते, हे त्यातून दिसले. उलट, पहाऱ्याचा अतिरेकही घातकच. फुप्फुसात पोकळ्या पडतात त्या बहुतांशी आपल्याच लढाईच्या आवेशामुळे.

आणि शिबंदीला रसद लागते. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरांतील दहा हजारांहून अधिक माणसांवर एक अभ्यास झाला. निम्म्या घरांतील माणसांना तांदूळ, तूरडाळ आणि सूक्ष्मपोषकांच्या गोळ्या देण्यात आल्या. 2023 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले : त्या घरांत नव्या क्षयाचे प्रमाण सुमारे शेकडा 40 नी कमी होते. डाळभाताचे हे सामर्थ्य आम्ही डॉक्टर मंडळी फार काळ विसरलो होतो.

1921 सालापासून दिली जाणारी बीसीजी लस तान्ह्या मुलांना क्षयाच्या मेंदूज्वरापासून वाचवते. मात्र तमिळनाडूत चेंगलपट्टू येथे 1968 साली सुरू झालेल्या मोठ्या चाचणीत, प्रौढांच्या फुप्फुसाच्या क्षयावर तिचा उपयोग दिसला नाही. म्हणून औषधांचा आधार अटळ आहे. याच संदर्भात मद्रासच्या एका अभ्यासाचे स्मरण करतो. घरी राहून औषधे घेणारे रुग्ण सॅनिटोरियममधल्या रुग्णांइतकेच बरे झाले आणि त्यांच्या घरच्यांना अधिक धोका झाला नाही, असे 1959 साली सिद्ध झाले होते. माझी वही उन्हात पडली ती त्यानंतर सहा वर्षांनी. शिवाय हा रोग हवेतून पसरतो. कपातून नव्हे, वहीतूनही नव्हे.

निवृत्तीनंतर सरांना मधुमेह जडला. 1994 साली खोकला सुरू झाला. पाच महिने त्यांनी तो सर्वांपासून लपवला. मला कळले तेव्हा दोन्ही फुप्फुसे ग्रासली गेली होती. शास्त्राच्या शिक्षकाने असे का करावे, असे मी त्यांना विचारले. ते म्हणाले, "पुन्हा निराळा कप नको होता रे." त्या आजारातून ते उठले नाहीत. जंतू परतला यात दोष वय आणि मधुमेह यांचा होता. पाच महिन्यांचा विलंब मात्र आम्ही त्यांना तीस वर्षांपूर्वी शिकवला होता.

म्हणून आपणांस माझी विनंती एवढीच. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर थुंकीची तपासणी करून घ्यावी. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. औषधे चालू झाली आणि बरे वाटू लागले, तरी डॉक्टरांनी सांगेपर्यंत ती थांबवू नयेत. आणि ज्याला हा आजार झाला आहे, त्याला आपल्याच कपातून चहा द्यावा.

सरांचे जे वाक्य मी साठ वर्षांपूर्वी घरी सांगितले नाही, ते आज आपल्यासमोर सांगितले. हे घरही माझेच आहे.